डोकं आहे, तरी नापास कशी?

नाशिकहून दिंडोरी रोडने म्हसरूळकडे गेलं की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मोठं आवार लागतं. १९९८ साली हे विद्यापीठ झालं. त्याआधी राज्यातली मेडिकल कॉलेजं त्या त्या भागातल्या विद्यापीठांना जोडलेली असायची. आता अभिमत विद्यापीठं सोडली तर एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, बीएस्सी नर्सिंग, फिजिओथेरपी या सगळ्यांच्या परीक्षा इथूनच होतात. गडचिरोलीच्या पोराचा निकाल आणि सिंधुदुर्गच्या पोरीचा निकाल आमच्या गावातून निघतो. पण जुन्या नाशकातल्या कितीतरी घरांना या इमारतीत काय चालतं ते ठाऊक नाही. घरातलं एखादं लेकरू तिथल्या निकालाच्या यादीत आपला नंबर शोधायला लागतं, तेव्हाच ते ठाऊक होतं.

मी त्या विद्यापीठात शिकवत नाही. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूचे तासही घेते. बीएड करून या पेशात आले त्याला आता बरीच वर्षं झाली. माझ्या वर्गातून गेलेली काही मुलंमुली आज डॉक्टर आहेत, कुणी सिस्टर आहे, कुणी फिजिओथेरपिस्ट. काही मध्येच थांबली. निकालाचे दिवस आले की त्यांच्या अम्मी-अब्बूंचे फोन मला येतात, कारण कॉलेजातल्या कुणाशी बोलायचं हे त्यांना कळत नाही. सगळ्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. "टीचर, डोकं तर आहे तिला. दहावीला शाळेत पहिली आली होती. मग नापास कशी झाली?"

या प्रश्नात एक समजूत आहे. डोकं म्हणजे अल्लाहने एकदाच दिलेली रक्कम. दहावीला मोजली, बारावीला मोजली, नीटला मोजली, आता ती जन्मभर तेवढीच. मग नापास झाली म्हणजे एक तर मुलीने मेहनत केली नाही, किंवा तिचं लक्ष दुसरीकडे आहे. या दुसऱ्या शक्यतेतून काय काय सुरू होतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मोबाइल काढून घेतला जातो, मामूंना बोलावलं जातं, आणि महिनाभरात एखादं स्थळही येतं.

२००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आढावा छापला होता. वैद्यकीय शिक्षणात कोण यशस्वी होतं, यावरचे तोवरचे अभ्यास त्यांनी एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा की मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या कामगिरीत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे २३ टक्के फरक आधीच्या परीक्षांतल्या गुणांवरून सांगता येतो. पुढे पदव्युत्तर टप्प्यावर हाच आकडा ६ टक्क्यांवर येतो. म्हणजे आधीचे गुण कामाचे आहेत, बऱ्यापैकी कामाचे आहेत, पण मोठा भाग त्यांच्या बाहेरच राहतो. त्या उरलेल्या भागात नशीब आहे, पेपर तपासणाऱ्याचा हात आहे, आणि अशाही बऱ्याच गोष्टी आहेत ज्या आपल्या घरात, शाळेत, मोहल्ल्यात घडतात. मला त्यांच्याबद्दल लिहायचं आहे, कारण त्यांतल्या काही आपल्या हातात आहेत.

आधी नियमांचं बोलू, कारण पालकांना तेच सांगितलेलं नसतं. दहावीला ३५ गुणांना पास. एमबीबीएसला एकूण ५० टक्के लागतात, आणि लेखी व प्रात्यक्षिक अशा दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत चांगले पडले म्हणून प्रात्यक्षिकातलं नापास होणं भरून निघत नाही. हजेरी थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के लागते. घरात लग्न आहे म्हणून आठ दिवस, खालाजान आजारी आहेत म्हणून चार दिवस, अशी सवय असलेल्या घरांना हा हिशोब जड जातो. दुसरी गोष्ट, वर्गातली बाकीची मुलं. शाळेत आपली पोरगी पहिली असते, इथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेतला पहिलाच असतो. आयुष्यात पहिल्यांदा तिचा नंबर शंभराच्या पुढे जातो. हा धक्का पचवायलाच काही मुलांचे चार-सहा महिने जातात, आणि पहिल्या वर्षात तेवढे महिने फुकट घालवायला नसतातच.

आता भाषेचं सांगते, कारण ते माझं रोजचं काम आहे.

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलीचा विचार करा. सायन्सच्या पुस्तकात ती 'खलिया' शिकते. त्याच्या आत 'मरकजा' असतो. झाडं 'जियाई तालीफ' करतात. रक्त हृदयाकडून नेणारी ती 'शिर्यान', हृदयाकडे आणणारी ती 'वरीद'. पलीकडच्या मराठी शाळेतली मुलगी त्याच वर्षी पेशी, केंद्रक, प्रकाशसंश्लेषण, धमनी आणि शीर शिकते. दोघींच्या डोक्यात कल्पना पक्की बसते. अकरावीत दोघींना सांगितलं जातं की आता सेल, न्यूक्लिअस, फोटोसिंथेसिस, आर्टरी आणि व्हेन म्हणायचं. कल्पना तीच, पण पाच-सहा वर्षं जमवलेले शब्द एका जूनमध्ये बाद होतात. पहिल्या रांगेत बसून हात वर करणारी मुलगी हळूहळू मागच्या बाकावर जाते. उत्तर तिला येत असतं, ते उच्चारायचं कसं हे येत नसतं.

२०१८ पासून नीट उर्दूतून देता येते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली, तेव्हा ते झालं. मराठीतून त्याच्या आदल्या वर्षापासून देता येते. या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण प्रवेशाचं दार आपल्या भाषेत आणि आत गेल्यावर सगळं घर इंग्रजीत, ही स्थिती तशीच राहते. ॲनाटॉमीचं जाडजूड पुस्तक इंग्रजीत, शिक्षकांचं बोलणं इंग्रजीत, तोंडी परीक्षेतला प्रश्न इंग्रजीत. तोंडी परीक्षेत दोन सेकंद थांबलेल्या मुलीला विषय येत नाही असं समजलं जातं. ती डोक्यात भाषांतर करत असते.

मग वैद्यकशास्त्र आपल्या भाषेत शिकवावं का? हा प्रश्न नवा नाही. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं ते उर्दू माध्यमातून. मेडिसिनसकट सगळे विषय उर्दूत शिकवायचे म्हणून निजाम सरकारने भाषांतराचं एक खातंच काढलं होतं. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. १९४८ नंतर ती व्यवस्था गेली आणि इंग्रजी आली. अलीकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली गेली. मी भाषेची शिक्षिका, मला हे ऐकून आनंदच होतो. पण माझ्या विद्यार्थिनींकडे पाहिलं की वाटतं, त्यांना एक भाषा सोडून दुसरी नको आहे. त्यांना पूल हवा आहे. आठवीपासून 'खलिया' लिहिलं की त्याच ओळीत 'पेशी' आणि 'सेल' हेही लिहायचं, एवढी साधी सवय. आमच्या सायन्सच्या सरांशी बोलून आम्ही दोघांनी मिळून असं तीन रकान्यांचं रजिस्टर मुलांकडून करून घ्यायला सुरुवात केली. पैसा लागत नाही, मंजुरी लागत नाही. एक दोनशे पानी वही लागते.

इंग्रजीची भीती सगळ्यांना दिसते. मराठीची अडचण कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती पेपरात येत नाही, वॉर्डात येते.

आमच्या शाळेत मराठी हा 'निघून गेला म्हणजे झालं' असा विषय. पालकसभेत गणित-सायन्सबद्दल विचारतात, माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. पुढे हीच मुलगी सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात उभी राहते. समोर पेठ-सुरगाण्याकडची एक बाई. ती म्हणते, "पोटात ढवळतंय, कसनुसं होतंय." दुसरी म्हणते, "अंग मोडून आलंय, पायाला मुंग्या येत्यात." एक म्हातारे बाबा छातीवर हात ठेवून सांगतात, "चमक निघती अन् मग धडधडतं." यातला एकही शब्द पाठ्यपुस्तकात नाही. त्यातही ती बाई घरात कोकणा बोलणारी असेल, तर मराठी ही तिचीही दुसरी भाषा. दोघी आपापल्या दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत एकमेकींना शोधत असतात.

माझ्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलेली गोष्ट आहे. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एक बाई खालच्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, अंगावरून जातंय." हिला वाटलं, काहीतरी अंगावरून गेलं, गाडी किंवा जनावर. हिने विचारलं, "लागलं का कुठे?" बाई गोंधळली, लाजली आणि गप्प झाली. पांढरं जातं हे सांगायला तिने केवढा धीर गोळा केला असेल. सीनिअर सिस्टरांनी नंतर समजावलं. मुलगी मला म्हणाली, "टीचर, मला लाज इंग्रजीची वाटायची. त्या दिवशी मराठीची वाटली." केस हिस्टरी नीट घेता आली नाही की निदान चुकतं, आणि परीक्षेत केस मांडताना गुण जातात ते वेगळंच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात आता सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेलाही जागा आहे. ती कुणीतरी विचार करून दिलेली जागा आहे. पण थोड्या दिवसांत दहा वर्षांची उणीव भरून निघत नाही. त्यामुळे आता दहावीच्या वर्गात मी निबंधाबरोबर एक तास दुखण्याखुपण्याच्या शब्दांना देते. कळ, उबळ, ठसका, ग्लानी, भोवळ, मळमळ, सणक. मुलं हसतात, घरी जाऊन शेजारच्या मावशींना विचारून नवे शब्द आणतात. डॉक्टर होवोत न होवोत, शेजाऱ्याचं दुखणं तर समजेल.

उलट बाजूही सांगायला हवी. आमच्या मुलांची उर्दू हे ओझंच आहे असं नाही. मालेगावला मन्सुऱ्यात युनानीचं तिब्बिया कॉलेज आहे. तिथे गेलेल्या मुलांना मिजाज, अखलात, नब्ज हे शब्द परके वाटत नाहीत. इतर मुलं ज्या शब्दांपाशी अडखळतात, तिथून ही सहज पुढे जातात. परिस्थिती बदलली की तीच गोष्ट आडकाठीऐवजी आधार होते. म्हणून मी 'कमजोर विद्यार्थी' हा शब्द जपून वापरते. कमजोर कुठे, हे आधी विचारायला हवं.

आता अभ्यासाच्या रीतीकडे येते. आपल्याकडे अभ्यास म्हणजे वाचणं. दोनदा वाचलं, पाचदा वाचलं, पिवळ्या पेनने अर्धं पुस्तक रंगवलं. मुलगी रात्री दोनपर्यंत पुस्तकासमोर दिसते, म्हणून घरचे खूश. पेपरात मात्र आठवत नाही. २००६ साली अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक या दोघांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. काहींना एकदा वाचून, पुस्तक बंद करून, आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून पाहणारे बरेच पुढे. म्हणजे पुस्तक उघडं असताना 'येतंय' असं जे वाटतं, ते फसवं असतं. डोळे मिटून सांगता आलं तरच ते आपलं.

हे वाचलं तेव्हा मला आमचा मोहल्ल्यातला मदरसा आठवला. हिफ्जची पद्धत ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना हे नवं वाटणार नाही. हाफिज होणारा मुलगा रोज तीन गोष्टी ऐकवतो. सबक म्हणजे आजचा नवा धडा. सबकी म्हणजे गेल्या काही दिवसांतला. मंजिल म्हणजे जुना, कधीचाच पाठ झालेला भाग. आणि ऐकवतो ते न बघता, उस्तादांसमोर, जिथे चुकेल तिथे टोकलं जाईल अशा बेताने. नवं, कालचं आणि जुनं असं तिन्ही रोज. आपल्या घरांत शतकानुशतकं चालत आलेली ही रीत ॲनाटॉमीला का लावू नये? एका मुलीला मी हेच सांगितलं. तिचे अब्बू स्वतः हाफिज. तिच्या मेडिकलबद्दल त्यांना काही कळत नाही, म्हणून ते नेहमी गप्प असत. त्यांनी रोज इशानंतर पुस्तक हातात घेऊन बसायला सुरुवात केली. इंग्रजी अक्षरं लावता येतात तेवढीच. मुलीने हाताच्या स्नायूंची नावं म्हणायची, अब्बूंनी बोट ठेवून बघायचं, चुकली की "फिर से" म्हणायचं. अर्थ त्यांना कळायचा नाही, पण चूक कळायची. मला वाटतं, कोणत्याही महागड्या क्लासपेक्षा हे मोलाचं होतं. त्या मुलीला अभ्यासाचा फायदा झालाच, शिवाय अब्बू आपल्या बाजूला बसलेत हेही तिला रोज दिसलं.

सगळ्यांच्या घरात असं होत नाही. नाशिक मोठं आहे, पण कॉलेजं गावाच्या कडेला. आडगावला जायचं तर द्वारकेवरून एक बस, इगतपुरीकडे जायचं तर पहाटे निघायचं. हॉस्टेल परवडत नाही किंवा मुलीला ठेवायचं नाही, म्हणून रोजची ये-जा. दिवसाचे तीन तास रस्त्यात. घरी आल्यावर दोन खोल्यांत सात माणसं. मुलगा असेल तर संध्याकाळी दुकानावर हातभार. मुलगी असेल तर रोट्या, भांडी, धाकट्यांचा अभ्यास. पाहुणे आले की "डॉक्टरनीसाहेब, चहा टाका." यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. पण झोप सहा तासांवरून चारवर येते आणि ते चार तास परीक्षेत दिसतात.

माझी एक विद्यार्थिनी बीएस्सी नर्सिंग सोडून घरी बसली. वर्गात सर्वांत व्यवस्थित वही तिची असायची. अम्मीचं ऑपरेशन झालं, घरात ही मोठी, दोन महिने ती घर सांभाळत होती. हजेरी कमी पडली, परीक्षेला बसता आलं नाही. वर्ष गेलं म्हटल्यावर घरात ठरलं की आता कशाला. कुणी तिला नापास केलं नाही, ती नापास झालीच नाही. तरी मोहल्ल्यात सांगतात, "उसको झेपा नहीं." मला त्या एका वाक्याचा राग येतो. तिला सगळं झेपत होतं. घर, दवाखाना, आजारी आई, सगळं. फक्त दोन महिने कुणीतरी भाकऱ्या टाकायला हवं होतं.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण इथे माहिती जास्त उपयोगी. जुलै २०२४ पासून आपल्या राज्यात वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला असेल तर. मेडिकलही त्यात येतं. बागवान, पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या ओबीसीत आहेत. पण दाखला काढलेला नसतो. "हमको क्या जरूरत" म्हणून राहून जातं, आणि प्रवेशाच्या आठवड्यात आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी धावाधाव होते. मुलगी आठवीत असतानाच जातीचा दाखला, मग व्हॅलिडिटी आणि वेळेवर नॉन-क्रिमिलेअर, हे काम सुरू करा. फीची चिंता डोक्यावर असताना फिजिऑलॉजी डोक्यात जात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकलाही सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. जागा मिळाली तर घराजवळ आणि परवडणारं शिक्षण, असा तो रस्ता आहे.

आणि एक गोष्ट, जी गुणपत्रिकेत दिसत नाही. आपण इथले आहोत असं वाटणं. डॉ. पायल तडवी हे नाव आपण विसरू नये. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल समाजातली, घर मुस्लिम. मुंबईत स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याची तक्रार घरच्यांनी केली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. न्याय न्यायालय करील. मला एवढंच म्हणायचं आहे की एवढ्या लांब पोहोचलेल्या मुलीला डोकं कमी पडलं नव्हतं. ब्रिटनमध्येही वूल्फ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की गोरे नसलेले वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर परीक्षांमध्ये सरासरीने मागे राहतात, आणि हे लेखीत होतं तसंच प्रात्यक्षिकातही होतं. त्याला एकच कारण देता येत नाही. पण मेसमध्ये कोणाशेजारी कोण बसतं, नोट्स कोणाला मिळतात, सीनिअर कोणाला नावाने हाक मारतात, याचा काहीच हिशोब लागत नसेल असं मला वाटत नाही.

मन खचणं हे फक्त आपल्याच मुलांचं नाही, हेही सांगायला हवं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये अहवाल दिला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी भाग घेतला, त्यांतल्या २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं नोंदवलं. म्हणजे चारांत एकाहून जास्त. आपल्याकडे मात्र मुलगी उदास दिसली की नजर लागली म्हणतात. दुआ जरूर करा. डॉक्टरलाही दाखवा. जी मुलं उद्या दुसऱ्यांना औषध लिहून देणार, त्यांना स्वतः औषध घ्यायला कसली शरम?

दोन वर्षांपूर्वी एका घरात मला बोलावलं होतं. मुलगी बाहेरगावी एमबीबीएसला, पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत राहिली. दिवाणखान्यात अब्बू, दोन चाचा, दादीजान. मुलगी आतल्या खोलीत. चाचांचं म्हणणं, एवढा खर्च, एवढं लांब, आणि शेवटी नापास. एक चांगलं स्थळ चालून आलंय. अब्बू माझ्याकडे बघत होते. मी त्यांना समजावून सांगितलं की ही शेवटची परीक्षा नाही. पुरवणी परीक्षा असते, त्यात निघाली तर आपल्याच बॅचबरोबर पुढे जाते. पहिल्या वर्षासाठी एकूण चार संधी असतात. मग मी विचारलं, "लेखीत गेली की प्रात्यक्षिकात?" कुणालाच माहीत नव्हतं. मुलीला कुणी विचारलंच नव्हतं. तिला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, लेखीत निघाली, तोंडी परीक्षेत राहिली. सरांनी विचारलं ते येत होतं, पण तोंडातून शब्द फुटेना.

दादीजान तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "बोलना ही तो सिखाना है ना? बच्ची को बोलने तो दो. घर में तुम लोग बोलने कहाँ देते हो?"

पुढचे काही आठवडे ती माझ्याकडे यायची, तिच्याच कॉलेजातली एक सीनिअर फोनवर असायची. सीनिअर इंग्रजीत विचारायची, ही उभी राहून उत्तर द्यायची. मला विषयातलं काही कळत नव्हतं. मी फक्त बघायचे, मान खाली जाते का, आवाज शेवटच्या शब्दापर्यंत टिकतो का. भाषेच्या शिक्षिकेला तेवढं जमतं. पुरवणी परीक्षेत ती निघाली. पन्नासच्या जरासेच वर गुण होते, मोठा पराक्रम नाही. आता तिसऱ्या वर्षाला आहे. स्थळवाल्यांनी दुसरीकडे बघितलं, त्यांचंही भलं होवो.

अशा गोष्टी नेहमी पुरवणी परीक्षेत निघून जाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. काही मुलं खरंच या वाटेची नसतात, आई-बापांच्या हौसेसाठी गेलेली असतात, त्यांनी वाट बदलणंच चांगलं. पण तो निर्णय प्रश्न विचारून व्हायला हवा. म्हणून निकालाच्या दिवशी 'डोकं आहे, तरी नापास कशी?' याऐवजी आधी एवढं विचारा. कोणत्या विषयात राहिली? लेखीत की तोंडीत? हजेरी किती होती? रोज किती झोपते? जेवते का? पुस्तक बंद करून सांगून पाहते का, कोणाला ऐकवते? तिथे तिची एक तरी मैत्रीण आहे का? आणि घरातलं कोणतं काम आपण तिच्यावरून काढून घेऊ शकतो?

या आठ प्रश्नांची उत्तरं मिळवायला अर्धा तास पुरतो. मुलीला समोर बसवा, चहा आज तुम्ही करा, आणि तिला बोलू द्या.